पैसा कोणत्या प्रश्नाला? राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची वाटचाल

पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनसीएलचा, विषय निघाला की रंगांची, उत्प्रेरकांची आणि पेटंटांची गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे आणि अभिमान वाटावा अशीच आहे. पण त्याच इमारतीत आणखी एक इतिहास घडला. कोणत्या प्रश्नावर काम करायचे, कोणत्या संशोधकाला पैसा, माणसे आणि वर्षे द्यायची, हे ठरवण्याच्या रीतींचा तो इतिहास आहे. या एका संस्थेत ही रीत अनेकदा बदलली, आणि दर वेळी पुढच्या वीस वर्षांचे विज्ञानही तिच्याबरोबर बदलले. म्हणून ही वाटचाल त्या बाजूने पाहावीशी वाटते.

१९४७च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी पायाभरणी केली. टाटांच्या न्यासाने मोठी देणगी दिली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. त्याच जानेवारीत पुण्यात सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि अध्यक्षपदी होते प्रशांतचंद्र महालनोबिस. नमुना पाहणीचे शास्त्र भारतात रुजवणाऱ्या या माणसाच्या भाषणाचा विषय होता, संख्याशास्त्र कशासाठी? देशाच्या नियोजनात आकड्यांनी काय करता येते, हे पुढे त्यांनी दाखवून दिले. विज्ञानाला पैसा वाटण्याच्या कामात मात्र ते शास्त्र वापरावे, असे कुणाला फारसे सुचले नाही.

पहिले संचालक जेम्स मॅकबेन साबणाच्या आणि कलिलांच्या रसायनशास्त्रातले मोठे नाव. त्यांच्यानंतर १९५२ मध्ये जॉर्ज फिंच आले. फिंच यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण समितीचा निवाडा चुकला तर काय होते हे त्यांनी स्वतः भोगले होते. १९२१च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतून वैद्यकीय तपासणीचे कारण देऊन त्यांना वगळण्यात आले. १९२२ मध्ये ते गेले आणि कृत्रिम प्राणवायूच्या मदतीने, जेफ्री ब्रूस यांच्यासह, सुमारे ८,३०० मीटरपर्यंत चढले. तोवर तेवढ्या उंचीवर कुणी पोचले नव्हते. प्राणवायू वापरणे खिलाडूपणाचे नाही, असे मानणारे गिर्यारोहक तेव्हा पुष्कळ होते. १९२४च्या मोहिमेत फिंच यांना पुन्हा जागा मिळाली नाही. २९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनझिंग प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन शिखरावर पोचले, तेव्हा फिंच पुण्यात एनसीएलच्या संचालकाच्या खुर्चीत होते.

१९५७ मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन आले, एनसीएलचे पहिले भारतीय संचालक. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ जगभर वापरला जात होता आणि रंग, औषधे, कीटकनाशके यांच्या देशी उद्योगाला त्यांच्या पिढीचा मोठा आधार मिळाला. १९६६ मध्ये त्यांच्या जागी बाळ दत्तात्रेय टिळक आले. या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत पैसा दिल्लीहून, योजनेतून येई आणि तो कुठे लावायचा यात संचालक आणि विभागप्रमुख यांचा शब्द मोठा असे. माणूस पारखायचा, त्याच्यावर भरवसा टाकायचा आणि वाट पाहायची, अशी ती रीत.

या रीतीचे मोल मला बांबूच्या कामात दिसते. व्ही. जगन्नाथन, ए. एफ. मस्करेन्हस आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकात वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनात गुंतले होते. रसायनांच्या प्रयोगशाळेत झाडांच्या पेशी वाढवायच्या, हे तेव्हा अनेकांना आडवाटेचे वाटले असणार. कळकासारख्या बांबूला कित्येक दशकांतून एकदा फुलोरा येतो आणि फुलला की बेटच्या बेट मरून जाते. त्यामुळे त्याचे बी, त्याचे संकर, सगळेच अडून राहते. १९९० मध्ये रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि मस्करेन्हस यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले, की ऊतिसंवर्धनातल्या बांबूच्या रोपांना त्यांनी बाटलीतच, अगदी कोवळ्या वयात, फुले आणली. या कामाच्या सुरुवातीला तीन वर्षांचा प्रस्ताव मागितला असता, तर ‘अपेक्षित निष्पत्ती’च्या रकान्यात प्रामाणिक माणसाने काय लिहिले असते?

भरवशाच्या रीतीची दुसरी बाजूही आहे. ज्या तरुणावर विभागप्रमुखाची मर्जी बसली नाही, त्याची कल्पना कागदावर येण्याआधीच विरली. नाकारलेल्या कल्पनेची फाइलच तयार झाली नाही, मग तिची दाद लागणार कुठे?

१९७८ मध्ये एल. के. दोराईस्वामी संचालक झाले आणि रासायनिक अभियांत्रिकीचे वजन वाढले. झिओलाइटवर बेतलेला ‘एन्सिलाइट’ हा झायलीनसाठीचा उत्प्रेरक याच काळात कारखान्यापर्यंत पोचला. तरी एनसीएल जिच्या छत्राखाली येते त्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, प्रयोगशाळा देशाच्या खर्चाला काय परत देतात, हा प्रश्न संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत विचारला जात होता. १९८६ मध्ये आबिद हुसेन समितीने शिफारस केली, की प्रयोगशाळांनी आपल्या खर्चाचा सुमारे एक तृतीयांश भाग बाहेरच्या ग्राहकांकडून मिळवावा. कोणता प्रश्न महत्त्वाचा, हे आता ग्राहकही ठरवणार होता.

१९८९ मध्ये रघुनाथ माशेलकर संचालक झाले. गोव्यातल्या माशेलचे, मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत, घडलेले आणि १९७६ पासून एनसीएलमध्ये असलेले. त्यांनी ग्राहकाची अट ओझे म्हणून घेतली नाही. जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी पॉलिकार्बोनेटमधल्या पुण्याच्या पेटंटासाठी पाषाणला आली. आपल्या तरुण शास्त्रज्ञांना या घटनेने जो आत्मविश्वास दिला तो पैशात मोजता येणार नाही. पण ग्राहक जो प्रश्न विचारतो त्याचे उत्तर बहुधा चार-पाच वर्षांत हवे असते, हेही तितकेच खरे. बांबू ग्राहक घेऊन येत नाही.

याची जाण माशेलकरांना होती आणि त्यांनी त्यावर केलेला उपाय मला या साऱ्या वाटचालीतला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेच्या खर्चाचा एक टक्का त्यांनी वेगळा काढला आणि त्याला पतंग उडवण्याचा निधी असे नाव दिले. हजारात एक शक्यता असली तरी चालेल, पण कल्पना धाडसी हवी, अशी त्याची अट. १९९५ मध्ये सीएसआयआरचे महासंचालक झाल्यावर त्यांनी तोच विचार ‘न्यू आयडिया फंड’ या नावाने देशभरच्या प्रयोगशाळांसाठी नेला.

असा वेगळा कप्पा का लागतो, हे साध्या बेरजेत दिसते. तीन परीक्षकांनी दहापैकी गुण द्यायचे आहेत. एका प्रस्तावाला सात, सात, सात मिळाले. दुसऱ्याला नऊ, नऊ आणि दोन. पहिल्याची सरासरी सात, दुसऱ्याची सातच्या खाली. पैसे पहिल्याला. दोन जाणकारांना जो प्रस्ताव असामान्य वाटला, तो एकाच्या नापसंतीने गेला. नवी कल्पना मतभेद निर्माण करतेच. सरासरी काढणारी समिती, तिच्यातला प्रत्येक जण कितीही सज्जन असला, तरी सपाट प्रस्तावाकडेच झुकते.

हे निवाडे किती पक्के असतात, याचाही अभ्यास झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत. १९८१ मध्ये स्टीफन कोल, जोनाथन कोल आणि गॅरी सायमन यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले १५० प्रस्ताव दुसऱ्या स्वतंत्र परीक्षकांकडून तपासून घेतले. त्यांत रासायनिक गतिकीतलेही होते. प्रस्तावाचे भवितव्य साधारण निम्मे त्याच्या गुणांवर आणि निम्मे कोणते परीक्षक वाट्याला आले या नशिबावर ठरते, असे त्यांना आढळले. २०१८ मध्ये आणखी एका गटाने अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेचे २५ प्रस्ताव ४३ परीक्षकांना दिले. एकाच प्रस्तावाबद्दल त्यांचे एकमत जवळपास नव्हतेच. आणि हे अर्ज लिहायला लागतो तो वेळ? ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे २०१२ मध्ये आलेल्या ३,७२७ प्रस्तावांवर संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षे खर्ची पडली. त्यातले बहुतेक नाकारले गेले.

काही संस्थांनी हे मनावर घेतले. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने धाडसी कल्पनांसाठी सोडत सुरू केली. प्रस्ताव किमान कसाला उतरतो का एवढे तपासायचे आणि उतरलेल्यांत चिठ्ठ्या टाकायच्या. जर्मनीच्या फोक्सवागन प्रतिष्ठानने २०१७ मध्ये आणि स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने २०२१ मध्ये सोडतीचा काही अंश स्वीकारला. स्विस रीत मला अधिक पटते, कारण तिथे चिठ्ठी सरसकट नाही. जिथे परीक्षकांना दोन प्रस्तावांत फरक सांगता येत नाही, तेवढ्याच सीमारेषेवर ती टाकली जाते.

भारतात या काळात निवाड्याचे केंद्र आणखी दिल्लीकडे सरकले. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची परिषद सत्तरच्या दशकापासून स्पर्धात्मक प्रकल्पांना पैसा देत होती. पुढे २००८च्या कायद्याने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) आले आणि २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा, अशी त्याची आखणी जाहीर झाली. म्हणजे आबिद हुसेन समितीने एकेका प्रयोगशाळेला घातलेली अट आता साऱ्या देशाच्या निधीला लागू होते आहे.

याचा भार कुणावर पडतो, ते पाषाणला दिसते. पीएचडीला आलेल्या मुलामुलींचा विषय पुष्कळदा गाइडचे कोणते प्रपोजल सँक्शन झाले यावर ठरतो. रसायने, उपकरणावरचा वेळ, प्रोजेक्ट असिस्टंटची जागा, सगळे त्या एका पत्रावर अवलंबून. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधकाची, पाठ्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, ती त्यांना स्वतःच्या परीक्षेवर मिळते. पण प्रयोग चालवायचा तो प्रकल्पाच्या पैशावर. बावीस-तेविसाव्या वर्षी आयुष्याची पाच वर्षे घेऊन येणाऱ्या या मुलांना, आपला प्रश्न कुणी आणि कोणत्या कसोटीवर निवडला, हे समजण्याचा हक्क आहे असे मी मानतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की हा विषयच एका पीएचडीचा व्हावा आणि तो पुण्यात व्हावा. एकाच छपराखाली योजनेचा पैसा, ग्राहकाचा पैसा, पतंगाचा एक टक्का आणि दिल्लीच्या समित्यांची स्पर्धा, असे चारही प्रकार जिथे नांदले अशा संस्था देशात थोड्याच. एनसीएलच्याच जागेत २००६ मध्ये विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर ही संस्था उभी राहिली. गोखले संस्थेत अर्थशास्त्राची जुनी परंपरा आहे, विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. रसायनशास्त्र जाणणारा एक विद्यार्थी आणि गोखले संस्था व विद्यापीठ या दोन ठिकाणचे मार्गदर्शक, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते.

या कामाला लागणारी पहिली गोष्ट म्हणजे नाकारलेले प्रस्ताव. मंजूर झालेल्यांचे अहवाल, शोधनिबंध, पेटंटे सगळे सापडते. नाकारलेल्यांचे पुढे काय झाले, त्या कल्पना दुसरीकडे कुणी फळाला नेल्या का, हे पाहिल्याशिवाय समितीची पारख चांगली की वाईट ते कळणार नाही. संशोधकांची नावे झाकून, दहा वर्षे उलटल्यावर त्या फाइली अभ्यासासाठी खुल्या करता येतील. दुसरी गोष्ट प्रयोगाची. एका फेरीतले पन्नास प्रस्ताव दोन वेगवेगळ्या समित्यांना द्यायचे, दोघींना एकमेकींचे गुण कळू द्यायचे नाहीत. दोघींनी निवडलेल्यांना पैसा, दोघींनी नाकारलेल्यांना नकार, आणि जिथे त्या फुटतात तिथे चिठ्ठी. याला ज्यादा खर्च होतो तो फक्त दुसऱ्या समितीच्या दोन दिवसांच्या बैठकीचा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, की त्या प्रबंधाचे पहिले प्रकरण लिहायला घेता येईल.