पाटाखालचे गाव आणि त्याचे शेजारी

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, गावाची चौकशी केली की आधी पाण्याची बाजू कळते. गाव पाटाखालचे की जिरायत? सोयरीक जुळवतानाही हा प्रश्न निघतो. पाऊणशे वर्षांपूर्वी एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने याच प्रश्नाची रीतसर मोजणी केली. त्या मोजणीत राहून गेलेला एक धागा आजही अभ्यासकांच्या हाती पुरता लागलेला नाही.

प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. दारणेच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे त्याआधीच वाहू लागले होते. दुष्काळापासून संरक्षण म्हणून हे कालवे खोदलेले. पाणीपट्टीतून गुंतवलेल्या रकमेचे व्याजही सुटत नाही, ही सरकारची तक्रार. मग कालवा तोट्याचा म्हणायचा का? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी हिशेबाची चौकटच रुंदावली. नुसती पाणीपट्टी पाहू नका, त्या मुलखात एकूण काय बदलले ते मोजा. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची त्यांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. बागायत भाग आणि जिरायत भाग शेजारी ठेवून फरक पाहायचा, ही तिची रीत. नंतरच्या अनेक पाहण्यांनी तीच उचलली. गाडगीळ कागदावर थांबले नाहीत, हेही सांगायला हवे. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीतून लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गळीत सुरू झाले, तेव्हा अध्यक्ष तेच होते.

या तुलनेत मात्र एक मेख आहे. जिरायत गाव हे ‘कालवा नसता तर’ याचे उदाहरण मानायचे, तर कालव्याचा त्याच्यावर काहीच परिणाम झालेला नसला पाहिजे. आता पाथर्डीकडची कोरडी गावे पाहा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घरात आलेली असते, पोरांची शाळा सुटते, उन्हाळ्याच्या तोंडाशी बिऱ्हाड परत येते. उसाचा पैसा त्या गावात गेला आणि उसापायी झालेली झीजही गेली. गाव कोरडे खरे, पण कालव्यापासून अलिप्त नाही.

शेजाऱ्याचा हा परिणाम गणितात धरण्यासाठी अर्थशास्त्रात एक शाखा निघाली. ज्याँ पॅलिंक यांनी १९७४ मध्ये हॉलंडातल्या टिलबर्ग येथे केलेल्या भाषणात तिला ‘स्पेशियल इकॉनॉमेट्रिक्स’ हे नाव दिले. आपण तिला स्थलसापेक्ष अर्थमिती म्हणू. ल्यूक ॲन्सलिन यांच्या १९८८ च्या ग्रंथाने तिची घडी बसली. तिचे मुख्य हत्यार म्हणजे एक तक्ता. उभी आणि आडवी सगळी गावे लिहायची आणि कोणाचा कोणावर किती भार, ते प्रत्येक घरात मांडायचे. संगणकाला हजारो गावांचा तक्ताही जड नाही. पण भार ठरवतो अभ्यासक, आणि तो बहुधा शिवेला शीव भिडली की शेजार मानून मोकळा होतो.

ब्रिटनमधले गिबन्स आणि ओव्हरमन यांनी २०१२ मध्ये हा सगळा उद्योग बहुतांशी निरर्थक तर नाही ना, असा सवाल थेट लेखाच्या मथळ्यातच केला. त्यांचे म्हणणे राहात्यात आणून पाहू. दोन शेजाऱ्यांच्या रानात ऊस आहे. एकाचे पाहून दुसऱ्याने लावला, की एकच चारी दोघांच्या बांधावरून जाते म्हणून? आकड्यांत दोन्ही सारखेच दिसते. पहिले खरे असेल तर एकाने ठिबक बसवले की शेजारी आपसूक बसवील. दुसरे खरे असेल तर प्रत्येकाच्या दारात जावे लागेल. सरकारी योजनेचे यश त्यावर ठरते.

एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये भारतातल्या धरणांवर निबंध लिहिला. त्यांनी शेजार नदीच्या उतारावर शोधला. धरणाच्या खालच्या जिल्ह्यांत उत्पादन वाढले, गरिबी घटली. धरण ज्या जिल्ह्यात, तिथे गरिबी वाढली. सगळ्यांची सरासरी काढून हे दिसले नसते.

माझ्या मते पुढचे काम या दिशेने आहे. उपग्रह आता उसाचा फड न् फड दाखवतो. टोळीची वाट त्याला दिसत नाही. त्यासाठी गावात जाऊन विचारावेच लागते. जायकवाडीचा वाद घ्या. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले, आणि नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडण्यावरून टंचाईच्या वर्षी भांडण ठरलेले. दोन्ही बाजू आपापल्या जिल्ह्याचे आकडे मांडतात. पण बीड जिल्ह्यातला तोडकरी नगरच्या फडात कोयता चालवतो, आणि गेवराई-माजलगावकडे असलेले त्याचे रान जायकवाडीच्या उजव्या कालव्याकडे डोळे लावून असते. वरचे पाणी अडले तर त्याचे रान सुकते, सुटले तर त्याच्या तोडीचा ऊस घटतो. त्याचे नाव कोणत्या जिल्ह्याच्या रकान्यात लिहायचे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)