सॉफ्टवेअर एकच, मग नकाशा शिवेवर का थांबतो?

मित्रांनो, आज जरा लांबचं लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण विषय आपल्या धुऱ्याचा आहे.

दरेकसाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की बोरतलाव येतं आणि राज्य बदलतं. डब्यातल्या माणसाला काही कळत नाही. जंगल तेच, बांध्या त्याच, धानाचा वासही तोच. पण मोबाईलवर महाराष्ट्राचा 'भू-नकाशा' उघडा. आपल्या गावाचे सगळे गट दिसतील, शिवेपलीकडचं गाव दिसणार नाही. ते बघायला छत्तीसगडची वेगळी साईट उघडावी लागते. गंमत अशी की दोन्ही साईटींच्या मागे एकच सॉफ्टवेअर आहे, केंद्राच्या एनआयसीने बनवलेलं 'भू-नक्शा'. म्हणजे हत्यार वाटून घेतलं, पण त्या हत्याराने काढलेला नकाशा ज्याचा त्याने आपल्या कपाटात ठेवला.

हे पहिल्यापासून असंच होतं का? नाही. आपल्या भागाच्या मोजणीचा इतिहास वेगळंच सांगतो.

विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे निघाला. साखळी आणि अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट हे त्याचं सामान. वाटेत निजाम, भोसले, कुणाकुणाचे मुलूख लागले, पण त्रिकोण थांबले नाहीत. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत गेला, तो आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. पुढे काम ज्याने नेलं तो जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याच्या नावाचं शिखर आपण शाळेत पाठ केलं. हा सगळा खटाटोप इंग्रजांनी आपल्या भल्यासाठी केला नव्हता, हे सांगायला नको. पण त्यातून तयार झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांची चौकट अक्षांश-रेखांशाची होती. जुन्या पद्धतीत आपल्या भागाच्या शीटचा क्रमांक ६४ सी. त्या एका शीटमध्ये गोंदिया, सालेकसा, बालाघाट आणि डोंगरगड सगळे येतात. तीन राज्यं, एक कागद.

कारभाराच्या सीमा मात्र सारख्या हलत राहिल्या. १८२०-२१ च्या आधी भंडाऱ्याचा कारभार लांजीवरून चालायचा. आज लांजी मध्य प्रदेशात आहे! १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला, त्यात भंडाऱ्याचाही तुकडा गेला. पूर्वेला खैरागड संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. मग काही वर्षं अशी होती की सालेकसा, लांजी आणि डोंगरगड एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात. १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि २००० च्या नोव्हेंबरात शेजारी छत्तीसगड उभं राहिलं. माणसं तिथेच राहिली, दप्तरं फिरली. आपल्याकडे सातबारा आला, पलीकडे बी-१ आणि खसरा राहिला. आपले म्हातारे लोक अजून 'खसरा नंबर' म्हणतात, ते त्याच काळाचं उरलेलं आहे. वनहक्काच्या दाव्यात आपण जे निस्तार पत्रक जोडतो, तेही मध्य प्रांताच्या वहिवाटीतून आलेलं.

आता खरी अडचण सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाची शीट देशाच्या चौकटीत बसवलेली होती, पण गावनकाशे तसे नव्हते. ते बंदोबस्ताच्या वेळी साखळीने, एकेका गावापुरते काढले. १६ इंचाला एक मैल हे त्यांचं माप. त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत. साखळी ओढून ओढून लांबते, कागद दमट हवेत फुगतो, उन्हात आक्रसतो, घडीवर फाटतो. असा नकाशा स्कॅन करून कॉम्प्युटरवर शेजारच्या गावाला लावला की शीव जुळत नाही. कुठे फट पडते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढतं. राज्याच्या आत हे निस्तरायला निदान एकच भूमी अभिलेख खातं आहे. दोन राज्यांच्या शिवेवर फट पडली तर ती कोणी बुजवायची? सॉफ्टवेअर याचं उत्तर देत नाही.

बरं, साधनांची वाटणी देशात नवी नाही. १९८२ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने एनआरडीएमएस कार्यक्रम सुरू केला. जिल्ह्याच्या नियोजनाला नकाशा मिळावा हा हेतू. त्यातूनच आयआयटी मुंबईत 'ग्राम' हे देशी नकाशा-सॉफ्टवेअर घडलं. त्याच सुमाराला अमेरिकेत लष्कराच्या अभियंत्यांनी 'ग्रास' बनवायला घेतलं, ते पुढे सगळ्या जगाला फुकट खुलं झालं. १९८८ मध्ये नागपुरात आपलं सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक, उभं राहिलं. २००२ मध्ये 'क्यूजीआयएस' आलं, आज कुठलीही ग्रामपंचायत ते पैसा न देता वापरू शकते. अडलं होतं ते नकाशाच्या माहितीवर. २००५ च्या धोरणाने लष्करी आणि सर्वसामान्य नकाशे वेगळे केले, आणि माहितीवरची बरीचशी बंधनं उठायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला.

मग राज्यांना एकत्र काम जमतच नाही का? जमतं. वाघासाठी जमलं! कान्हा ते नवेगाव-नागझिरा या वाघांच्या वाटेत आपलं जंगल येतं. व्याघ्र प्राधिकरण आणि डेहराडूनची वन्यजीव संस्था यांची 'एम-स्ट्राइप्स' ही पद्धत सगळ्या राज्यांच्या व्याघ्र प्रकल्पांत एकच आहे, आणि कॅमेऱ्यातले पट्ट्यांचे फोटो देशाच्या एका साठ्यात जमतात. त्यामुळे बालाघाटचा वाघ आपल्याकडे आला तर ओळखता येतो. बालाघाटच्या शेतकऱ्याची बांधी मात्र आपल्या स्क्रीनवर दिसत नाही.

पाण्याचंही तेच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेने भंडारा-गोंदियाला काय केलं ते सगळ्यांना आठवतं. धरण त्यांचं, पूर आपला. अमुक इतकं पाणी सोडलं तर कुठल्या गावाच्या कुठल्या घरापर्यंत चढेल, हे आधी सांगायचं तर धरणापासून आपल्या गावापर्यंत जमिनीच्या उंचीचा एकच सलग नकाशा लागतो. आपल्याजवळची वाघ नदी तर मैलोन्‌मैल दोन राज्यांच्या मधूनच वाहते. तिच्या एकाच काठाचा नकाशा घेऊन पुराचा अंदाज बांधणं म्हणजे अर्ध्या तराजूने धान मोजणं.

सध्या प्रत्येक तुकड्याला १४ अंकी भू-आधार क्रमांक देण्याचं काम देशभर चालू आहे. तो जमिनीच्या अक्षांश-रेखांशावरून निघतो, राज्य कुठलं याची त्याला पर्वा नाही. मला ही मोठी संधी वाटते. पण दोन्हीकडचे भूकरमापक आपापल्या बाजूने आपापली शीव धरून क्रमांक देत सुटले, तर जुनी फट नव्या आकड्यांत पक्की होईल. आणि एकदा ती पक्की झाली की तिथल्या शेतकऱ्याने दाद मागायची कुठे, गोंदियाला की राजनांदगावला?

म्हणून शिवेवरच्या गावांनी ग्रामसभेत ठराव घ्यावा असं माझं म्हणणं आहे. गोंदिया, बालाघाट आणि राजनांदगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सीमेवरच्या गावांची संयुक्त मोजणी करावी, जुने गावनकाशे एकमेकांना द्यावेत, आणि वैनगंगा-वाघ नदीच्या काठांचा उंचीचा नकाशा तिन्ही जिल्ह्यांत एकच ठेवावा. रोव्हर दोन्हीकडे आहेत, सॉफ्टवेअर आहे. धान कापून झालं की डिसेंबरपासून बांध्या मोकळ्या होतात. ठराव त्याआधीच्या ग्रामसभेत झाला तर याच उन्हाळ्यात मोजणीची माणसं धुऱ्यावर उभी राहू शकतात.