कळवण्याचा कर

लॉजच्या काउंटरमागे खोल्यांच्या दरांचा फलक लावलेला असतो. साधी खोली इतके, एसी इतके. ‘टॅरिफ’चा जुना अर्थ तिथे अजून टिकून आहे: दर आधीच कळवणारी यादी. अरबीत ‘अरफ’ म्हणजे जाणणं, ओळखणं. त्यावरून ‘तारीफ’, म्हणजे ओळख करून देणं, कळवणं. हा शब्द इटालियनमध्ये ‘तारिफा’ झाला, तिथून फ्रेंच, इंग्रजीत गेला. फारसीच्या वाटेने तोच आपल्याकडे आला. ओळख करून देताना माणूस चांगलंच बोलतो, म्हणून आपली तारीफ स्तुती झाली असावी. ‘मुख्याध्यापकांमार्फत’मधला ‘मार्फत’ही याच घरचा. स्पेनच्या दक्षिण टोकाला तारिफा गाव आहे. तिथे जहाजांकडून कर घेत म्हणून हा शब्द आला, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. गावाचं नाव ७१० साली तिथे उतरलेल्या तारीफ नावाच्या सरदारावरून पडलं.

मला यातलं ‘कळवणं’ सोडवत नाही. अटलांटिकच्या दोन्ही काठांनी एकमेकांना जे कळवलं, ते पुष्कळदा टॅरिफमधूनच.

१९६२मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने अमेरिकेच्या स्वस्त कोंबडीवर कर वाढवला. पश्चिम जर्मनीची मोठी बाजारपेठ हातातून जाऊ लागली. अर्कान्सा हे कोंबड्यांचं राज्य आणि तिथले सिनेटर फुलब्राइट सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष. नाटोत अण्वस्त्रांवर चर्चा चालू असताना त्यांनी मध्येच कोंबडीचा विषय काढला! शेवटी डिसेंबर १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवरचा कर वाढवला; ट्रकवर तो २५ टक्के झाला. ट्रकचा रोख जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता.

भांडण मिटलं, बाकीचे तीन कर उठले. ट्रकवरचा राहिला, कारण आता तो अमेरिकी कारखान्यांच्या सोयीचा होता. आणि पुढे त्यात अमेरिकेचीच फोर्ड कंपनी अडकली. तिच्या तुर्कस्तानात बनलेल्या व्हॅन प्रवासी गाड्या म्हणून मागच्या सीट आणि खिडक्यांसह बाल्टिमोरला उतरत. कस्टम्समधून सुटल्या की त्या सीट काढून टाकत आणि गाडी मालवाहू होई. या प्रकरणात २०२४मध्ये कंपनीने ३६.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

मराठी वर्तमानपत्रांनी ‘टॅरिफ’ का घ्यावा, आपली ‘जकात’ आहे की, असं कुणी म्हणेल. जकातही अरबीच, मूळ अर्थ धर्मादाय दान. पण आपल्याला ती आठवते नाक्यावरची: ट्रक थांबला, पावती फाडली, पैसे पालिकेत जमा. मुंबईत २०१७पर्यंत हे चाललं. जकातीतून परराज्याला कुणी काही बजावत नव्हतं. टॅरिफमध्ये ते बजावणं आहे, म्हणून मी हा शब्द ठेवीन.

२०१८मध्ये अमेरिकेने युरोपच्या पोलादावर २५ टक्के लावले; कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं, तेही नाटोतल्या मित्रांना. युरोपने उत्तरादाखल बर्बन व्हिस्की आणि मोटरसायकली निवडल्या. बर्बन केंटकीची आणि सिनेटमधल्या बहुमताचे नेतेही केंटकीचे. निरोप कुणाला होता हे वेगळं लिहावं लागलं नाही. २७ जुलै २०२५ला स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीत ट्रम्प आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेअर लायन यांचा समझोता झाला: युरोपच्या बहुतेक मालावर १५ टक्के, आणि त्याच्याच जोडीला अमेरिकेकडून ७५० अब्ज डॉलरचं तेल, वायू, अणुइंधन घेण्याचा वायदा.