साळुंकी बोलते, होला बोलत नाही

बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसरात दुपारी सारे सामसूम झाले तरी बाभळी-बोरींतून एक आवाज येतच राहतो. तो होल्याचा. 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गडावर येणाऱ्या वारकऱ्यांच्याही तो कानावर पडत असेल. होल्याचे घरटे म्हणजे दहावीस काड्यांची विरळ चळत. खाली उभे राहून पाहिले तर फटींतून अंडी दिसावीत इतकी विरळ. वळवाचा वारा सुटला की पिल्लू खाली आलेच म्हणून समजावे.

असेच एक पिल्लू काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने ओंजळीत धरून आमच्याकडे आणले. आम्ही विज्ञान शिकवणारे. साहजिकच उपचार आमच्याकडे आला. आम्ही दुधात भाकरी कुस्करली, पिल्लाची चोच बोटांनी उघडून ती आत सारली, वर ड्रॉपरने पाणी पाजले. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेले. मुलाने दोन प्रश्न विचारले. "सर, आजोबांचा राघू घरात किती वर्षे जगला, मग हे का मेले?" आणि, "जगले असते तर बोलायला शिकले असते का?" दोन्ही प्रश्नांना आमच्याजवळ उत्तर नव्हते. ती शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचा इतिहास आपल्या दाराशीच आहे. नारायणगडाच्या वायव्येला गोदाकाठी पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला 'गाथासप्तशती' हा संग्रह मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात आहे. (त्यातील काही गाथा हालानंतरच्या मानल्या जातात.) त्यात पिंजऱ्यातली सारिका, म्हणजे साळुंकीच्या कुळातली पक्षीण, भेटते. तिला शेजघरातून हलवा, नाही तर ती तिथली गुपिते लोकांना सांगत सुटेल, अशी एका गाथेतील तक्रार आहे. पक्षी घरात होता, माणसांचे ऐकत होता आणि ऐकलेले बोलत होता, एवढे यावरून स्पष्ट होते. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांतही पोपट आणि सारिका यांना बोलायला शिकवणे ही एक कला गणली आहे.

आता गडाच्या आग्नेयेला वळू. कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने 'पारावतविनोद', म्हणजे पारव्यांचा खेळ, वेगळा सांगितला आहे. पुढे अकबराच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे खास निवडीची, असे अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त लिहितो. त्यांच्या गिरक्यांचे आणि कोलांट्यांचे त्याने कौतुक केले आहे.

या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा आम्हाला एक गोष्ट जाणवली. सारिकेला आणि पोपटाला बोलणे शिकवले जाई. पारव्याला उडणे, गिरकी घेणे आणि घरी परतणे. पारव्याने चहाडी केल्याची तक्रार आमच्या वाचनात कोठे आली नाही. पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने पक्ष्यांची ही वाटणी केली असावी. तिच्यामागचे कारण मात्र फार उशिरा, आणि तेही पिंजऱ्यामुळेच, कळले.

इंग्लंडमध्ये डेन्स बॅरिंग्टन या हौशी निरीक्षकाने लिनेट या लहान गाणाऱ्या पक्ष्याची पिल्ले चंडोलासारख्या परक्या गायकांच्या सहवासात वाढवली. ती मोठेपणी त्या परक्यांचे गाणे गाऊ लागली. १७७३ साली त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच्यासाठी जॉन हंटर या शल्यविशारदाने गाणाऱ्या पक्ष्यांचे कंठ उघडून पाहिले होते. हे हंटर पुन्हा भेटणार आहेत. पुढे १९५० नंतरच्या दशकात केंब्रिजच्या डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी चॅफिंचची पिल्ले एकटी वाढवली आणि त्यांच्या गाण्याचे ध्वनिआलेख काढले. जाणत्या नराचे गाणे कानी न पडलेल्या पिल्लांचे गाणे ओबडधोबडच राहिले. पीटर मार्लर यांनी अमेरिकेतील एका चिमणीवर प्रयोग करून १९७० साली दाखवले की, या शिक्षणाला कोवळ्या वयातील काही आठवड्यांचीच मुदत असते. त्या मुदतीत गुरू भेटला नाही, तर पुढे कितीही ऐकवा, उपयोग होत नाही. (आमच्यासारख्या शिक्षकांनी यावरून घाईने माणसाच्या मुलांविषयी अनुमान काढू नये.)

आणि होला? थॉर्प यांनीच लेड या सहकाऱ्याबरोबर १९६४ साली दाखवले की, परक्या जातीच्या होल्यांनी वाढवलेले पिल्लूही मोठेपणी आपल्याच जातीचे घुमते. १९७१ साली नोटेबोम दांपत्याने कोवळ्या वयातच बहिऱ्या केलेल्या होल्यांचे घुमणेही नेहमीसारखे राहते असे नोंदवले. म्हणजे होल्याला त्याचे घुमणे कोणी शिकवावे लागत नाही. ते जन्मजात असते. ऐकून आवाज शिकणारे पक्षी मुख्यतः तीन गटांत मोडतात: गाणारे पक्षी, पोपट आणि अमेरिकेतील गुंजनपक्षी. साळुंकी पहिल्या गटात येते. होला आणि पारवा यांपैकी कशातच नाहीत. मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले: ते पिल्लू बोलले नसते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला ओशाळे करणारे आहे. १७८६ साली जॉन हंटर यांनी लिहिले की, पिल्ले असताना कबुतराच्या नराच्या आणि मादीच्याही अन्नपिशवीचे आतले अस्तर जाड होते आणि त्यातून दह्यासारखा पदार्थ सुटतो. ते हे कबुतराचे 'दूध'. त्यात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. गाईच्या दुधातली साखर नसते. पहिले काही दिवस पिल्लू केवळ यावरच जगते, मग हळूहळू मऊ झालेले दाणे त्यात मिसळू लागतात. १९३३ साली ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दूध आणणारे संप्रेरक ओळखून त्याला प्रोलॅक्टिन नाव दिले. स्त्रियांच्या आणि गाईम्हशींच्या दुधामागेही तेच संप्रेरक असते. पुढे कित्येक वर्षे त्याची मात्रा मोजण्यासाठी कबुतराच्या अन्नपिशवीचे वजन पाहिले जाई.

होल्याचेही तसेच. शिवाय साळुंकीचे पिल्लू चोच वासून बसते, आईबाप वरून किडा टाकतात. होल्याचे पिल्लू आपली चोच आईबापांच्या तोंडात खुपसून अन्न ओढून घेते. ते आपण होऊन 'आ' करत नाही. आम्ही ती चोच बळेच उघडली, न पचणारे दूध घातले आणि वर पाण्याचे थेंब सोडले. त्यांतले काही श्वासनलिकेत गेले असणार. आजोबांचा राघू पिसे फुटल्यावर, भिजवलेली डाळ खाण्याइतका मोठा होऊन घरात आला असणार. तो मिरची खाई याचे मुलाला फार नवल होते. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना झोंबत नाही. हालाच्या काळच्या पोपटांना मात्र ती ठाऊक नव्हती. मिरची पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात आली.

तो राघूही आज घरात ठेवता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने रानातले पोपट, मुनिया पकडण्याचा आणि विकण्याचा धंदा बेकायदा ठरला. बाजारात दिसणाऱ्या लव्हबर्ड आणि कॅनरी या परदेशी, पिंजऱ्यातच वाढलेल्या जाती. त्यांची गोष्ट वेगळी.

आता शाळेत पिल्लू आले की आम्ही त्याच्या तोंडात काहीही घालत नाही. जखम नसेल तर ते घरट्यात ठेवतो. घरटे मोडले असेल तर नारळाच्या करवंटीला भोके पाडून, काड्या घालून ती त्याच फांदीला बांधतो आणि लांब जाऊन बसतो. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. गेल्या खेपेस मादी तासाभराने आली. मुलांनी वहीत वेळ लिहिली: तीन वाजून दहा मिनिटे.