खोल्या लहान-मोठ्या, मग भाडं भागिले तीन कसं? फ्लॅटचं भाडं वाटायची नीट पद्धत

केज तालुक्यातल्या दोन भावांना चार एकर रान वाटून घ्यायचं असेल, तर दोघांना दोन-दोन एकर दिलं की विषय संपला असं कुणी म्हणत नाही. मांजराकाठची काळी जमीन आणि बालाघाटच्या माळावरची मुरमाड जमीन एका मापात बसत नाही, हे बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतं. विहीर कुणाकडे, रस्ता कुणाच्या बांधावरून, हे सगळं धरून मग एकाला कमी पण कसदार रान, दुसऱ्याला जास्त रान किंवा वरून काही रक्कम, असा हिशोब बसवतात.

याच घरांतली पोरं दहावी-बारावीनंतर लातूरला, संभाजीनगरला नाहीतर पुण्याला जातात. पुढे नोकरी लागली की तिघं मिळून फ्लॅट घेतात आणि भाडं सरळ भागिले तीन करून टाकतात. एकाला अटॅच बाथरूमवाली मोठी खोली, दुसऱ्याला बाल्कनी, तिसऱ्याला किचनच्या भिंतीला लागलेली कोंदट खोली. पैसे तिघांचे सारखेच.

पहिले दोन महिने कुणी काही बोलत नाही. मग भांडण होतं, पण भाड्यावरून नाही. भांड्यांवरून, पाण्याच्या जारवरून, कुणाचा पाहुणा किती दिवस राहिला यावरून. खरं दुखणं खोलीचं असतं.

स्क्वेअर फुटाने वाटलं तर?

बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय हाच. आकडे सोपे धरू. फ्लॅटचं भाडं १८,००० रुपये. बेडरूम १५०, १२० आणि ९० स्क्वेअर फूट, म्हणजे एकूण ३६०. सगळं भाडं या प्रमाणात वाटलं तर ७,५००, ६,००० आणि ४,५०० रुपये होतात.

इथे एक चूक होते. भाडं फक्त बेडरूमचं नसतं. हॉल, किचन, पॅसेज, कॉमन बाथरूम तिघंही वापरतात. समजा ही सामाईक जागा पण ३६० स्क्वेअर फूट आहे. मग निम्मं भाडं, म्हणजे ९,००० रुपये, सामाईक जागेचं. ते प्रत्येकी ३,००० असं समान वाटायचं. उरलेले ९,००० बेडरूमच्या मापाने, म्हणजे फुटाला २५ रुपये. आता आकडे येतात ६,७५०, ६,००० आणि ५,२५०. मोठ्या आणि छोट्या खोलीतला फरक ३,००० वरून १,५०० वर आला.

घाईत असाल तर हे गणित चालतं. टेप लावायला दहा मिनिटं लागतात. पण टेपला बाल्कनी दिसते, बाल्कनीत पहाटेपर्यंत येणारा रस्त्याचा हॉर्न ऐकू येत नाही. नाईट शिफ्ट करून दिवसा झोपणाऱ्याला ती बाल्कनी नकोच असते, आणि एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्याला उजेड हवा म्हणून तीच हवी असते. खोलीची किंमत माणसागणिक बदलते.

मग प्रत्येकाला भाव लावू द्या

पद्धत अशी. तिघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, प्रत्येक खोलीसाठी आपण जास्तीत जास्त किती देऊ ते लिहायचं. अट एकच, तिन्ही आकड्यांची बेरीज १८,०००च आली पाहिजे.

नाईट शिफ्टवाला लिहितो: मोठी ८,०००, बाल्कनीची ५,०००, छोटी ५,०००.
अभ्यासवाला लिहितो: मोठी ७,०००, बाल्कनीची ६,५००, छोटी ४,५००.
घरी पैसे पाठवणारा तिसरा लिहितो: मोठी ६,४००, बाल्कनीची ६,०००, छोटी ५,६००.

आता खोल्या अशा द्यायच्या की दिलेल्या भावांची बेरीज सर्वांत जास्त व्हावी. सगळे पर्याय मांडून बघितले तर पहिल्याला मोठी, दुसऱ्याला बाल्कनीची, तिसऱ्याला छोटी, यात बेरीज २०,१०० होते. दुसरा कुठलाच पर्याय इतका वर जात नाही. मालकाला द्यायचे १८,०००. वरचे २,१०० तिघांत समान वाटून प्रत्येकाचे ७०० कमी करायचे.

भाडं ठरलं ७,३००, ५,८०० आणि ४,९००.

गंमत बघा, प्रत्येक जण स्वतः लिहिलेल्या आकड्यापेक्षा ७०० रुपये कमी देतोय. आणि तिसऱ्याला छोटी खोली मिळाली ती गरज म्हणून गळ्यात मारलेली नाही, त्याच्या भावाने मिळालीय.

बरोबर वाटलं की नाही, कसं ओळखायचं?

प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: दुसऱ्याची खोली त्याच्या भाड्यासकट घेतोस का? तिघांचंही उत्तर ‘नको’ असेल तर वाटणी जमली. वरच्या उदाहरणात नाईट शिफ्टवाल्याला छोटी खोली ५,००० ची वाटते आणि ती ४,९०० ला आहे, म्हणजे त्यात त्याचा फायदा १०० चा. स्वतःच्या खोलीत तो ७०० चा आहे. तो कशाला बदलेल?

कधी कधी समान सूट देऊनही एखादा ‘बदलतो’ म्हणतो. तेव्हा त्याला हव्या असलेल्या खोलीचं भाडं थोडं वाढवायचं, त्याच्या खोलीचं कमी करायचं आणि पुन्हा विचारायचं.

असं भाडं निघतंच का, यावर गणितज्ञांनीही डोकं लावलंय. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक फ्रान्सिस सू यांच्या एका मित्राची हीच अडचण होती: नवं घर, वेगवेगळ्या खोल्या, आणि कोणी कुठली घ्यायची, किती द्यायचे ते ठरेना. १९९९ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त त्यांनी त्यावर ‘रेंटल हार्मनी’ नावाने लेख लिहिला. १९२८ सालचं एक त्रिकोणांचं प्रमेय वापरून त्यांनी दाखवलं की काही साध्या अटी पाळल्या, तर कुणालाच दुसऱ्याची खोली नकोशी होईल अशी वाटणी नक्की असते. आपल्याकडे बऱ्याच घरांत मोठा भाऊ वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो, त्यामागची अक्कल हीच. फक्त ती युक्ती दोघांपुरती सरळ चालते, तिघं झाले की गणित लागतं.

खोली सोडून बाकीचं

एका खोलीत दोघं राहणार असतील तर सामाईक जागेचे पैसे डोक्यावर मोजा, खोलीचे खोलीवर. तीन खोल्यांत चौघं असतील तर सामाईक निम्म्याचे चार भाग होतील, तीन नाही. लाईट बिल, वायफाय, कामवाल्या मावशींचा पगार यांचा खोलीच्या मापाशी संबंध नाही, ते डोक्यावरच. एसी एकाच्याच खोलीत असेल तर त्याचं बिल त्याचं.

डिपॉझिट मात्र ज्या प्रमाणात भाडं त्याच प्रमाणात भरा, आणि कुणी किती भरलं ते ग्रुपवर लिहून ठेवा. ‘फ्लॅट मी शोधला, ब्रोकरला मी गाठलं, म्हणून मोठी खोली माझी’ हा युक्तिवाद जवळपास प्रत्येक फ्लॅटमध्ये होतो. शोधायचे कष्ट खरे आहेत, पण ते एकदाचे. त्यासाठी एकदाच काय ते द्या, अकरा महिने मोठी खोली स्वस्तात नको.

ही आतली वाटणी मालकाला लागू नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करारावर ज्यांच्या सह्या आहेत, पूर्ण भाडं मालक त्यांच्याकडेच मागतो. म्हणून तिघं राहणार असाल तर तिघांचीही नावं करारात घाला.

मधेच एखादा निघाला आणि नवा आला, तर जुना आकडा त्याच्या माथी मारू नका. नव्याला पण कागद द्या आणि भाव पुन्हा लावा.