स्थैर्याची रुजुवात

इसवी सन १८४४ मध्ये फ्रीडरिश वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिवळे क्विनोन आणि वर्णहीन हायड्रोक्विनोन यांच्या संयोगातून जो पदार्थ मिळविला, तो पिवळाही नव्हता आणि वर्णहीनही नव्हता. काळसर हिरव्या, धातूसारख्या झळाळीच्या त्या स्फटिकांत दोन्ही द्रव्यांचे रेणू समसमान संख्येने आणि आपापले रेणुत्व न सोडता एकत्र नांदत होते. अशा स्फटिकांना आज सहस्फटिक म्हणतात. त्यांतले घटक बहुधा हायड्रोजन बंधांनी एकमेकांस धरून असतात; क्षार होताना आम्लाचा प्रोटॉन जसा दुसऱ्याच्या स्वाधीन होतो, तसा तो येथे होत नाही.

हे सख्य जुळविण्याची एक रीत अत्यंत साधी आहे. १८९३ मध्ये लिंग आणि बेकर या दोघांनी वोलरच्या पदार्थाची भावंडे कोरडी द्रव्ये नुसती एकत्र घोटून तयार केली. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २००२ च्या सुमारास, केंब्रिज येथे विल्यम जोन्स आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की घोटताना द्रावकाचे दोनचार थेंब टाकले तर तेच कार्य पुष्कळ लवकर सिद्धीस जाते. आपल्या वैद्यांच्या खलाला ही रीत अपरिचित नाही. कोरडे मर्दन करून कज्जली करणे आणि वनस्पतींच्या रसाची भावना देऊन औषध घोटणे हा रसशास्त्राचा नित्याचा व्यवहार आहे. वैद्यांना सहस्फटिक ठाऊक होते असा दावा करणे सत्याला सोडून होईल. तथापि ओलाव्याच्या साक्षीने घोटलेले द्रव्य कोरड्या द्रव्याहून निराळे वागते, हे हाताच्या अनुभवाने जाणणाऱ्यांची परंपरा फार जुनी आहे, एवढे म्हणावयास हरकत नाही.

वोलरच्या स्फटिकांकडे औषधनिर्मात्यांचे लक्ष दीर्घकाळ गेले नाही. ज्ञान दप्तरात पडून होते. त्याची निकड भासावी असा प्रसंग १९९८ मध्ये आला. एड्सवरील रिटोनाविर हे औषध १९९६ पासून बाजारात होते. दोन वर्षांनी त्याच्या कॅप्सुलांमध्ये त्याच रेणूचे एक नवे, पूर्वी कोणीही न पाहिलेले स्फटिकरूप अवतरले. ते अधिक स्थिर होते आणि म्हणूनच कमी विरघळणारे होते; परिणामी कॅप्सुले मागे घ्यावी लागली आणि रुग्णांना काही काळ द्रवरूप औषधावर भागवावे लागले. रेणू तोच, मात्रा तीच. केवळ रेणूंची मांडणी बदलली आणि औषध निरुपयोगी ठरले. या एका घटनेने घनरूपाचा अभ्यास प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातून उठून कारखान्याच्या केंद्रस्थानी आला. त्या अभ्यासाची सामग्री मात्र आधीच सिद्ध होत आली होती. रेणूंमधील आकर्षणे ओळखून स्फटिकाची रचना आगाऊ योजावी, हे स्फटिक-अभियांत्रिकीचे सूत्र गौतम देसिराजू यांनी हैदराबादेत असताना १९८९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले होते.

सहस्फटिक तयार करणे हा अर्धाच भाग. तो टिकतो की नाही, आणि इतरांच्या तुलनेने किती टिकतो, याची रुजुवात घेणे हे खरे काम. जोन्स यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला कॅफीनचा अभ्यास या दृष्टीने आदर्श आहे. कॅफीन दमट हवेत पाणी शोषून जलयुक्त स्फटिक होते, आणि ते दुर्बळ अल्क असल्यामुळे त्याचा क्षार करून हा दोष घालविणेही सुलभ नसते. म्हणून ऑक्झॅलिक, मॅलॉनिक, मलेइक, ग्लुटारिक अशा आम्लांशी त्याचे सहस्फटिक जुळविले गेले आणि ते निरनिराळ्या आर्द्रतेच्या बंद पात्रांत ठेवले गेले. अशी पात्रे सिद्ध करण्याची युक्तीही मोठी सुबोध आहे: तळाशी एखाद्या क्षाराचे संपृक्त द्रावण ठेवले की आतील आर्द्रता एका ठरावीक अंकावर स्थिर राहते, आणि साधे मीठ तो अंक सुमारे ७५ टक्के राखते. पावसाळ्यात कोकणातल्या घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते हवेतील आर्द्रता याच मर्यादेपलीकडे गेल्यामुळे. या कसोटीत काही सहस्फटिक विलग होऊन कॅफीन पुन्हा जलयुक्त झाले. परंतु दोन भाग कॅफीन व एक भाग ऑक्झॅलिक आम्ल यांचा सहस्फटिक अतिदमट हवेतही कित्येक आठवडे अभंग राहिला. एकाच कॅफीनचे भवितव्य सोबत्यागणिक बदलले.

आज ही विद्या प्रयोगापुरती राहिलेली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सहस्फटिकांविषयी आपले मार्गदर्शन अंतिम स्वरूपात जाहीर केले. आणि या विषयात हैदराबादेत दीर्घकाळ संशोधन केलेले अश्विनी नांगिया यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविले.

तरीही रिटोनाविरचा धडा विसरून चालणार नाही. ४० अंश उष्णता, ७५ टक्के आर्द्रता आणि सहा महिने अशी खडतर परीक्षा उतरलेल्या द्रव्यालाही स्थैर्याची कायमची सनद मिळत नाही. त्याहून स्थिर असे एखादे रूप अद्याप प्रकट व्हावयाचे असू शकते, आणि ते नाही असा दाखला कोणतीही परीक्षा देऊ शकत नाही. म्हणून औषधाच्या वेष्टनावर छापलेली मुदतीची तारीख मला फार प्रामाणिक वाटते. अमर्याद काळाची हमी तीत नाही. अमुक दिवसापर्यंतची साक्ष आम्ही घेतली आहे, एवढेच ती सांगते, आणि रोगी तेवढ्यावर विश्वासून गोळी जिभेवर ठेवतो.