चाळणीवर चाळणी

लहानपणी रेडिओ सिलोन लावलं की शेजारचं स्टेशन मध्येच घुसायचं. बाबा म्हणायचे, "चाळण्या कमी पडतात." अर्थ फार उशिरा कळला.

1918 साली पॅरिसमध्ये अमेरिकन लष्करात असताना एडविन आर्मस्ट्राँगने सुपरहेटरोडाइन रेडिओची कल्पना मांडली. त्यात कुठलंही स्टेशन आधी एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणतात; पुढे असंख्य सेट्समध्ये ती 455 किलोहर्ट्झ झाली. म्हणून फिल्टर एकदाच जुळवून एकामागे एक लावता येतात. एकाने शेजारी दहावा हिस्सा उरला, तर तशाच दोघांनी शंभरावा!

पण फुकट काहीच नाही. साधे, सारखे दोन फिल्टर लावले की आत येणारा पट्टा 64 टक्क्यांवर येतो, तिसऱ्याने 51 वर. गाण्यातले बारीक आवाज पुसट होतात.

आमच्याकडे शेजारी घुसायचा खरा, पण घुंगरंही ऐकू यायची. बाबांना हे सांगायचं राहूनच गेलं.